ड्रायव्हर म्हणून लागताय? दारू, गांजा, गोळ्या आणि गेटवरची फुंक

वणी, घुग्गुस, उमरेड, गडचांदूर या विदर्भातल्या पट्ट्यात आता गल्लीगल्लीत कोणी ना कोणी हेवी लायसन काढून राहिला. कोणाला कोळशाच्या टिप्परवर जायचं, कोणाला सिमेंटच्या बल्करवर, कोणाला एसटीत, कोणी शाळेची व्हॅन घेतली, कोणाला समृद्धीवरची स्लीपर पाहिजे. क्लच, ब्रेक, रिव्हर्स सगळे शिकवतात, पण दारूचा आणि नशेचा नियम नेमका काय आहे हे कोणी समोर बसवून सांगत नाही, ते एकदम कंपनीच्या गेटवर फुंकायचं मशीन (ब्रेथ ॲनालायझर) वाजल्यावरच कळते. म्हणून हे लिहून राहिलो. प्यायची का नाही ते तुमचं तुम्ही पाहा, मी त्यावर प्रवचन देणार नाही. पेला आणि स्टिअरिंग यांच्यात किती तास पाहिजे, मशीन काय पाहते, पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं, एवढंच सांगतो.

पायरी १ : दोन आकडे आहेत, दोन्ही वेगळे ठेवा

पहिला आकडा कायद्याचा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. हा आकडा सगळ्यांना सारखाच आहे, स्प्लेंडरवाला असो, ट्रॅक्टरवाला असो, चाळीस सीट घेऊन जाणारा असो. (बैलबंडीला हे कलम लागत नाही, पोळ्याला गावात जे चालते ते चालते.) व्हॉट्सअपवर ८० चा आकडा फिरत असतो, "ऐंशीपर्यंत चालते बे" म्हणून, तो अमेरिकेतला आहे, तिथं बहुतेक राज्यांत खासगी कारवाल्याला ०.०८ टक्के आणि ट्रक-बसवाल्याला त्याच्या निम्मा, ०.०४. आपल्याकडं ३० मिलिग्रॅम म्हणजे ०.०३. म्हणजे त्यांच्या ट्रकवाल्यापेक्षाही आपला नियम कडक आहे, पाळला जातो का ते सोडा.

दुसरा आकडा तुमच्या मालकाचा किंवा कंपनीचा, आणि तो साधारण शून्य असतो. खाण, ऑइल डेपो, सिमेंट प्लांट, पॉवर स्टेशन, एसटी, अशा ठिकाणी ड्युटीवर यायचं म्हणजे कोरडं यायचं. तिथं "साहेब पंचवीसच आलं, कायद्यात बसते" हे बोलायची सोय नाही. कायद्यानं पंचवीस म्हणजे गुन्हा नाही हे खरं, पण गेटवर पंचवीस म्हणजे वापस घरी, आणि ठेकेदाराची गाडी असेल तर गेट पासही गेला. जॉइन होताना कागदावर सह्या घेतात ना पटापट, त्यात हे लिहिलेलं असते, तेवढं एक पान तरी वाचून सही करा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

शाळेची व्हॅन चालवणाऱ्यांनी तर पंचवीस-तीसचा विचारही करू नये. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बसचे वेगळे नियम आहेत, शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, एका पालकानं जरी तोंडाचा वास आला म्हणून सांगितलं तरी मशीन आणायच्या आधीच तुमची चाबी काढून घेतात.

पायरी २ : क्वार्टरचा हिशोब पाठ करा

सगळ्यात जास्त पोरं इथंच फसतात. दिवसा पिऊन गाडीवर बसणारा येडा फार थोडा असतो, बाकी सगळे "रात्री घेतली होती, आता सकाळ झाली, झोपलो, आंघोळ केली, टकाटक आहो" म्हणून येतात आणि सापडतात.

गणित असं आहे. आपल्याकडच्या इंग्लिश दारूत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल झालं ६० ग्रॅमच्या आसपास. ६० किलोच्या माणसानं ती क्वार्टर लावली तर रक्तातला आकडा जातो दीडशेच्या जवळपास, म्हणजे कायद्याच्या पाचपट. आणि शरीर ते उतरवते तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या हिशोबानं, कोणाचं थोडं कमी कोणाचं थोडं जास्त. आता जोडा. रात्री साडेदहाला क्वार्टर संपली, सकाळी सहाला तुम्ही गेटवर. साडेसात तास झाले, उतरलं ११२ च्या आसपास, शिल्लक राहिलं ३५-४०. झोप झाली, डोकं हलकं आहे, डोळे लाल नाहीत, चालणं सरळ आहे, आणि तरी मशीनवर फेल. कंपनीच्या शून्याला यायला अजून अडीच-तीन तास पाहिजे. आणि हा हिशोब एका क्वार्टरचा आहे, दोन लावल्या तर जवळपास वीस तास, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुम्ही ड्रायव्हर नाहीच.

एक ६० चा पेग घेतला तरी ६० किलोवाल्याचा आकडा पन्नासच्या घरात जातो. म्हणजे "एकच पेग" हाही तिसाच्या वर. बिअरला लोक पाणी समजतात, ६५० ची स्ट्राँग, आठ टक्केवाली, एक बाटली म्हणजे ४० ग्रॅम अल्कोहोल, क्वार्टरच्या दोन तृतीयांश! आणि मोहाची किंवा हातभट्टीची असेल तर हिशोबच करू नका, त्यात किती टक्के आहे ते गाळणाऱ्यालाही माहीत नसते.

आता उतरवायचे उपाय, जे ढाब्यावर जो तो सांगतो. लिंबू पाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, इलायची, कांदा, खर्रा (तंबाखू-सुपारी घोटलेला). यातल्या एकानंही आकडा कमी होत नाही. मशीन तोंडाचा वास घेत नाही, फुप्फुसाच्या खोलातून येणाऱ्या हवेतलं अल्कोहोल मोजते, आणि ती हवा रक्ताला लागून आलेली असते. खर्रा घोटून तोंडात टाकला तर वास झाकतो, बाजूचा माणूस फसेल, मशीन फसत नाही. उलट तोंडात खर्रा घेऊन गेटवर आलात तर पहिले थुंकायला लावतात, चूळ भरायला लावतात, मग फुंकायला लावतात, म्हणजे लक्ष अजूनच तुमच्यावर.

विमानाच्या पायलटला आपल्या देशात १२ तासांचा नियम आहे, उड्डाणाच्या आधी १२ तास दारू नाही. मी नवीन पोरांना सांगतो का बारा हा कमीत कमी धरा आणि तोही एखाद्या पेगसाठी, क्वार्टर असेल तर चोवीस. सोपं करायचं असेल तर असं करा, दुसऱ्या दिवशी ड्युटी लागली असेल तर आज नाही, बस. सुट्टीच्या आदल्या रात्री काय करायचं ते करा. पोळा, धुळवड, लग्नसराई, ३१ डिसेंबर यांच्या दुसऱ्या दिवशी गेटवर एकालाही सोडत नाहीत, हे तर ठरलेलंच.

पायरी ३ : गेटवर टेस्ट कशी होते ते आधीच माहीत असू द्या

पहिल्या दिवशी पोरं घाबरतात म्हणून सांगतो. सकाळच्या शिफ्टला, अंधार पुरता गेलेला नसतो, गाड्यांची लाइन लागलेली असते, गेटजवळच्या टिनाच्या शेडमध्ये टेबलावर रजिस्टर आणि हातात मावेल एवढं मशीन. सिक्युरिटीवाला प्लास्टिकची पुडी फाडून नवीन नळी काढतो, मशीनला लावतो, बटण दाबतो, स्क्रीनवर आधी शून्य यायला पाहिजे. मग तुम्ही दीर्घ श्वास घ्यायचा आणि एकसारखा फुंकत राहायचं, पाच-सहा सेकंद, मशीनचा आवाज थांबेपर्यंत. मधेच सोडलं तर मशीन एरर देते आणि परत फुंकावं लागते. दोनदा-तीनदा अर्धवट फुंकणाऱ्याला सिक्युरिटीवाला लगेच ओळखतो, त्याला वाटते हा मुद्दाम करून राहिला. कोणाला दमा असेल, फुंकायला जमत नसेल, तर ते आधीच सांगा, मशीन तोंडाला लावल्यावर नाही.

तुमच्या हक्काच्या गोष्टीही आहेत, त्या नम्रपणे मागा. नळी तुमच्यासमोर पुडीतून निघाली पाहिजे. फुंकण्याआधी स्क्रीनवर शून्य दिसलं पाहिजे. आणि आकडा आला, पण तुम्ही खरोखर घेतलेली नाही, तर म्हणा का साहेब चूळ भरू द्या, पंधरा मिनिटानं परत घ्या. माउथवॉश, खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब हे तोंडात असताना मशीन वर जाते, पण ते पंधरा मिनिटात निघून जाते, रक्तातली दारू पंधरा मिनिटात निघत नाही. म्हणून दुसऱ्या टेस्टमध्ये खरं-खोटं समजते. स्लिप निघत असेल तर तिच्यावर तारीख, वेळ, मशीनचा नंबर असतो, तिचा फोटो घ्या. आवाज चढवू नका, गेटवर भांडण केलेला ड्रायव्हर टेस्टमध्ये पास झाला तरी सगळ्यांच्या लक्षात राहते.

रेल्वेत जे पोरं असिस्टंट लोको पायलट म्हणून लागले त्यांनाही हेच, लॉबीत साइन ऑन, म्हणजे ड्युटीची हजेरी, करताना फुंकल्याशिवाय गाडी मिळत नाही. म्हणजे हा काही फक्त ट्रकवाल्यांवरचा अविश्वास नाही.

पायरी ४ : औषध-गोळी घेताना तोंड उघडून विचारा

सर्दीच्या ज्या लाल-पिवळ्या गोळ्या मेडिकलमधून आपण चिठ्ठीशिवाय उचलतो त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते, झोप आणणारं. रात्रभर चंद्रपूर ते नागपूर मारायची असेल तर ती गोळी दारूइतकीच वाईट आहे, फरक एवढाच का मशीनवर काही दिसत नाही. कोडीनवालं खोकल्याचं सिरप, अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रॅमाडॉल, या गोळ्यांनी डोळा लागतो आणि लघवीच्या टेस्टमध्येही यांच्यातल्या काही दिसतात. ट्रॅमाडॉल तर २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखाली (नशेच्या पदार्थांचा कायदा) आलं, चिठ्ठीशिवाय खिशात असणं बरं नाही.

दवाखान्यात डॉक्टरला पहिलं वाक्य हेच बोला, "मी गाडी चालवतो, झोप येणार नाही असं द्या." डॉक्टर बदलून देतात, पर्याय असतो. चिठ्ठी केबिनमध्ये ठेवा आणि ड्युटीवर जायच्या आधी सुपरवायझरला दाखवून ठेवा. टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आल्यावर काढलेली चिठ्ठी आणि आधी दाखवलेली चिठ्ठी यात फार फरक पडतो.

द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, कुमारी आसव, हे आयुर्वेदिक आहे म्हणून लोक बिनधास्त घेतात, पण आसव-अरिष्ट आंबवूनच बनतात, त्यात अल्कोहोल असतेच, बाटलीवर लिहिलेलंही असते. दोन चमच्यांनी रक्तात काही फार होत नाही, पण ड्युटीच्या गेटवर घ्यायची ती गोष्ट नाही, रात्री घ्या.

शुगरवाल्यांसाठी एक सांगून ठेवतो. शुगर एकदम उतरली तर माणूस पिलेल्यासारखा वागतो, घाम, बडबड, तोल जाणं, आणि लोक बेवडा समजून बाजूला बसवून ठेवतात. खिशात कार्ड ठेवा का मला शुगर आहे, केबिनमध्ये ग्लुकोजचं पाकीट ठेवा, आणि असं वाटलं तर गाडी बाजूला घेऊन मगच खा.

पायरी ५ : गांजा, भांग, अफू यांचा हिशोब तासांत नाही, दिवसांत

दारू एका दिवसात जाते. गांजाचं तसं नाही. कधीमधी ओढणाऱ्याच्या लघवीत तीन-चार दिवस दिसतो, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिन्यापर्यंत सापडू शकतो. बऱ्याच कंपन्या भरतीच्या वेळी आणि नंतर अधूनमधून न सांगता कपात लघवी घेतात, एक पट्टी बुडवतात, त्यात पाच किंवा दहा प्रकारच्या नशेचं एकदम कळते. "आठ दिवसांपूर्वी ओढली होती साहेब" म्हटल्यानं पट्टी बदलत नाही.

धुळवडीच्या थंडाईत भांग असते आणि महाशिवरात्रीला पण. कायद्यात भांगेच्या पानाला गांजात धरलेलं नाही, गांजा म्हणजे फुलोरा, शेंडा. पण झाड एकच आहे, लघवीची पट्टी पान का फूल ते विचारत नाही, ती पॉझिटिव्ह दाखवते. म्हणून टेस्टवाल्या नोकरीत असाल तर थंडाई कोणाच्या घरची आहे ते पाहून घ्या.

उत्तरेकडून येणाऱ्या जुन्या ड्रायव्हर लोकांकडं डोडा असतो, अफूच्या बोंडाचा चुरा, चहात उकळून घेतात, झोप लागत नाही म्हणतात. पार्किंगमध्ये कोणी प्रेमानं पाजला तर हात जोडा. पट्टीवर अफू म्हणूनच येतो आणि बाळगणं एनडीपीएसमध्ये गुन्हा आहे.

आता खसखशीचा प्रश्न, मला सावजीवाले पोरं नेहमी विचारतात. खसखस अफूच्याच झाडाची, हे खरं. भरपूर खाल्ली तर लघवीत अफूचा थोडा अंश दिसू शकतो, हेही खरं, अमेरिकेत याच कारणानं १९९८ मध्ये अफूच्या टेस्टची मर्यादा ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. पण आपल्याकडच्या पट्टीची मर्यादा किती ते त्या त्या पट्टीवर अवलंबून, म्हणून टेस्टच्या आदल्या दिवशी खसखशीचा रस्सा टाळा, आणि खाल्ला असेल तर फॉर्मवर लिहून द्या. पॉझिटिव्ह आलं तर लॅबची पक्की टेस्ट मागायची, पट्टी ही फक्त पहिली चाळणी आहे.

रोडवर पोलिसांसाठी मात्र नियम वेगळा आहे. कलम १८५ मध्ये दारूला ३० चा आकडा आहे, नशेच्या पदार्थाला आकडाच नाही, गाडीवर ताबा ठेवता येणार नाही एवढा अंमल असला की गुन्हा. म्हणजे तिथं डॉक्टरची तपासणी महत्त्वाची.

पायरी ६ : रोडवर थांबवलं तर

वर्दीतल्या पोलिसाला किंवा आरटीओच्या अधिकाऱ्याला संशय आला तर ते फुंकायला सांगू शकतात, कलम २०३. फुंका. नाही म्हणू नका. नकार दिला का विनावॉरंट अटक होऊ शकते, आणि कोर्टात तो नकारच तुमच्या विरोधातला पुरावा म्हणून धरता येतो, कलम २०५. "नाही फुंकलं तर काहीच सिद्ध होत नाही" हे जे पानठेल्यावरचे वकील सांगतात ते साफ चुकीचं.

अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला पाहिजे, नाही झाली तर सोडावं लागते, हे कलम २०२ मध्येच आहे. रक्त घेताना हाताची जागा स्पिरिटनं पुसू नये, डॉक्टरला आठवण करून द्या, बाटलीवर सील आणि तुमचं नाव तुमच्यासमोर लागलं का पाहा. वेळ लिहून ठेवा, कधी थांबवलं, कधी फुंकलं, कधी रक्त घेतलं. नंतर वकिलाला पहिले हेच लागते.

शिक्षा : पहिल्या वेळेला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळेपासून २ वर्षांपर्यंत किंवा १५,००० किंवा दोन्ही. हे दर २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे, आधी दोन हजारात सुटायचं काम होतं, जुने लोक अजून तोच दोन हजारचा हिशोब सांगतात. आणि हे ई-चलनवालं प्रकरण नाही, मोबाइलवर पैसे भरून मिटत नाही, कोर्टात उभं राहावं लागते.

दंड एक वेळ भरता येईल, पण ड्रायव्हरचं पोट लायसनवर आहे. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं राज्यांना सांगितलं का पिऊन चालवणाऱ्याचं लायसन कमीत कमी तीन महिने निलंबित करा. पोलीस लायसन जप्त करून आरटीओकडं पाठवतात आणि हातात पावती देतात. इथं बरेच जण फसतात. साध्या चलनात कागद जमा केल्यावर मिळणाऱ्या पावतीवर गाडी चालते हे ऐकलेलं असते, म्हणून या पावतीवरही चालवत राहतात. कलम २०६ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे का लायसन परत मिळेपर्यंत या पावतीवर गाडी चालवता येत नाही. चालवली तर बिना लायसनचा गुन्हा वरून. तीन महिने हप्ता कोण भरणार, हा प्रश्न तेव्हा समोर येतो.

पायरी ७ : अपघात झाला तर, पिलेले असा नसा

पळू नका. कलम १३४ सांगते का जखमीला मदत करायची, दवाखान्यात पोचवायचं, पोलिसांना कळवायचं. जमाव अंगावर आला, जिवाला भीती आहे, तर तिथून निघणं कायद्यालाही समजते, पण निघून सरळ जवळच्या ठाण्यात जायचं, घरी नाही. अपघातानंतर तुमची फुंक किंवा रक्त घेतलं जाणार, दवाखान्यात भरती असलात तरी. कोरडे असाल तर हीच टेस्ट तुम्हाला वाचवते हे लक्षात घ्या, तिला घाबरू नका, उलट तुम्हीच मागा.

१ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स पेटली, २५ माणसं गेली. आपल्या विदर्भातले किती घरं त्यात होते. सुरुवातीला टायर फुटलं असं सांगितलं गेलं, नंतर अमरावतीच्या फॉरेन्सिक लॅबच्या रिपोर्टवरून बातम्या आल्या का चालकाच्या रक्तात अल्कोहोलचा अंश मिळाला. तेव्हापासून ट्रॅव्हल्सवाल्यांकडं पहिला प्रश्न हाच असतो.

इन्शुरन्सचंही ऐकून ठेवा. ड्रायव्हर पिलेला असेल तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारू शकते, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तर असंही म्हटलं का फुंकेचा रिपोर्ट नसला तरी बाकीच्या परिस्थितीवरून हे सिद्ध होऊ शकते. समोरच्याला द्यायची भरपाई विमा कंपनीकडून देवविली तरी ती नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा कोर्ट देऊ शकते. मालक मग ते कोणाच्या नावावर फाडेल ते सांगायची गरज नाही.

पायरी ८ : जिल्हा बदलला का कायदाही बदलतो

हे आपल्या इकडचं खास. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. आता नागपूरहून चंद्रपूर किंवा वणीकडं निघालात का जाम गावाला तुम्ही वर्धा जिल्ह्यात असता, हिंगणघाटची गाडी तर आहेच, समृद्धीही वर्ध्यातून जाते. नागपुरात बिल घेऊन रीतसर घेतलेली बाटली सीटमागं ठेवली, तुम्ही एक थेंब घेतला नाही, तरी दारूबंदीच्या जिल्ह्यात ती बाटली गुन्हा आहे आणि गाडी जप्त होऊ शकते. मशीनमध्ये शून्य येते आणि माणूस तरी आत, असं होते. म्हणून साधा नियम, केबिनमध्ये बाटली नाही, मालकाची असो, मालकाच्या साळ्याची असो.

तसंच पार्सल. "एवढी बॅग हिंगण्याला टाकून दे ना भाऊ, पाचशे घे." बॅगेत काय आहे ते पाहिल्याशिवाय घेऊ नका, उघडू देत नसेल तर अजिबात नाही. ओडिशा-आंध्राकडून निघालेला गांजा नागपूरवरून पुढं जातो हे पेपरात दर आठवड्याला असते. एनडीपीएसमध्ये २० किलोपेक्षा जास्त गांजा म्हणजे कमर्शियल, धंद्याचा माल, कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, वर लाखाचा दंड, आणि बेल मिळणं फार कठीण. माल तुमच्या केबिनमध्ये सापडला का "मला माहीत नव्हतं" हे तुम्हालाच सिद्ध करून दाखवावं लागते.

पायरी ९ : शेठ, मुकादम आणि मित्रमंडळी

नियम माहीत असणं वेगळं आणि ढाब्यावर आठ जणांत बसून नाही म्हणणं वेगळं. ट्रिप चांगली झाली का शेठच पार्टी देतो आणि बारा वाजता म्हणतो,

"सकाळी पाचला लोडिंग आहे, तू जा."

"शेठ, मी आता तुमच्यासोबतच तर बसलो होतो."

"अरे काय होते बे दोन पेगनं, तू काय पहिल्यांदा घेऊन राहिला का?"

इथं उत्तर तयार पाहिजे. गेटवर पकडलं तर गाडी वापस येईल, दिवस वाया जाईल, हे बोला, शेठला कायदा नाही समजत पण डिझेलचा खर्च लगेच समजते. आणि माहीत असू द्या का पिलेल्याला गाडीवर पाठवणाऱ्यालाही कलम १८८ खाली तीच शिक्षा आहे जी पिणाऱ्याला. हे तोंडावर बोलायची गरज नाही, पण व्हॉट्सअपवर लिहून टाका, "शेठ, रात्री पार्टी झाली, सकाळी मी जाऊ शकत नाही, दुपारी बारानंतर निघतो." लिहिलेलं राहते.

झोपेचंही याच्यातच येते. जागायला गोळी, डोडा, गांजा हे सुरू होते ते बहुतेक जादा ट्रिपमुळंच. मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा १९६१ मध्ये दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास होते, पाच तासांनंतर अर्धा तास आराम, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवीन लेबर कोड आला. प्रत्यक्षात किती जागी पाळतात ते तुम्हालाही माहीत, मलाही माहीत. पण केबिनमधल्या बर्थवर लोळायला दुसरा ड्रायव्हर नसेल आणि शेठ रात्रंदिवस मारायला लावत असेल तर ती नोकरी तुम्हाला गोळीवर आणूनच सोडेल, पहिल्या महिन्यातच दुसरी पाहा.

पायरी १० : रोजची सवय असेल तर जॉइन व्हायच्या आधी

हे नीट वाचा, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. रोज क्वार्टर-दोन क्वार्टर लावणारा माणूस नोकरी लागली म्हणून एकदम बंद करतो, मनापासून करतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, कोणाला मिरगीसारखे झटके येतात, कोणाला नसलेली माणसं दिसायला लागतात. ही दारू सुटतानाची लक्षणं आहेत, कोणी करणी-बिरणी केलेली नसते. अशात स्टिअरिंगवर बसलात तर पिलेल्यापेक्षा बेकार. आणि झटके आल्याचं लायसनच्या मेडिकलमध्येही विचारतात.

म्हणून जॉइनिंगची तारीख मिळाली का तिच्या दोन-तीन आठवडे आधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा, सोबत घरचं कोणी घ्या, रोज किती घेता ते खरं सांगा, अर्धं सांगितलं तर औषधही अर्धंच मिळते. ते पाच-सात दिवस गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात, गरज वाटली तर भरती करून घेतात. त्या गोळ्यांनी झोप येते, तेवढे दिवस गाडीला हात लावू नका. केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन फुकट लागतो. गडचिरोलीत मुक्तिपथचं काम आहे, तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक चालते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा नागपूर, अमरावती, चंद्रपूर अशा शहरांत होतात, पैसे लागत नाहीत, आडनावही विचारत नाहीत.

आधीच नोकरीत असाल आणि हाताबाहेर जाऊन राहिलं असं वाटत असेल तर टेस्टमध्ये सापडायच्या आधी स्वतःहून सुपरवायझरला किंवा युनियनच्या माणसाला सांगा, सुट्टी मागा, उपचाराचे कागद जमा करा. एनडीपीएस कायद्यातही कलम ६४अ आहे, थोड्या मालाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर त्याच्यावर खटला चालवत नाहीत, उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. ओपीडीचा केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, फॉलोअपच्या तारखा, सगळं लायसनच्या झेरॉक्ससोबत एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, परत कामावर घेताना पहिले तेच मागतात.